संधाय संभाषा आणि मंगळवारचे भोजन

रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात आसवारिष्टांचे संधान म्हणजे वैद्याची परीक्षाच. एका वर्षी आमचे कुमार्यासव आंबून शुक्त झाले व सारे फेकावे लागले. पुढे एका लग्नसमारंभात कळले की, आदल्या वर्षी शेजारच्या औषधनिर्मात्याचेही असेच झाले होते. त्यांनी ते दडवले. आणि आमचे तरी आम्ही कोठे कोणास सांगितले?

अमेरिकेत २००५ साली पॉल ग्रॅहम, जेसिका लिव्हिंग्स्टन व सहकाऱ्यांनी ‘वाय कॉम्बिनेटर’ ही नवउद्योगांना अल्प भांडवल व मार्गदर्शन देणारी संस्था काढली. तेथे दर मंगळवारी नवउद्योजकांचे एकत्र भोजन होई. प्रारंभी ग्रॅहम स्वतः स्वयंपाक करीत! एखादा अनुभवी उद्योजक पाहुणा म्हणून येई आणि बोलणे बाहेर न्यायचे नाही या संकेतामुळे स्वतःच्या चुकाही मोकळेपणाने सांगे. माणसे पारखणे व जिव्हाळा जपणे यात लिव्हिंग्स्टनबाईंचा वाटा मोठा.

चरकसंहितेत विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार आहेत. आपल्या बैठकांत दुसराच अधिक आढळतो. स्वतःचा पाठ कोणी गुप्त ठेवला तर आमची हरकत नाही. परंतु फसलेले संधान गुप्त ठेवून कोणाचा लाभ? ज्येष्ठांनी प्रथम स्वतःचे सांगितले, तरच कनिष्ठांना धीर येईल.

येत्या पावसाळ्यापूर्वी जवळपासच्या चार निर्मात्यांस आम्ही घरी भोजनास बोलावले आहे. त्या वर्षीची नोंदवही त्यांच्यापुढे ठेवणार आहोत. शेजाऱ्यांचा होकार अद्याप आलेला नाही.