शिकवणाऱ्याची तयारी

दरवर्षी २८ फेब्रुवारीला जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रस्त्याला जत्रेसारखी गर्दी लोटते. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या बघायला आणि आवारातलं विज्ञान प्रदर्शन पाहायला अख्खा तालुका येतो. काही वर्षांपूर्वी त्या मांडवात पश्चिमेकडच्या एका आश्रमशाळेची मुलं हिरड्यावरचा प्रयोग घेऊन आली होती. सातवीतला एक मुलगा वाळलेला बाळहिरडा हातात धरून सांगत होता, की तो कधी झोडायचा, किती दिवस वाळवायचा आणि त्याचा रंग का पालटतो. ऐकणारे एक गुरुजी खूश झाले. सोबतच्या शिक्षकांकडे वळून म्हणाले, “आश्रमशाळेची असूनही किती छान बोलतात, नाही?”

मुलाच्या कानावर ते पडलं. तो बोलायचा थांबला आणि हातातला हिरडा बोटांनी फिरवत राहिला. मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो.

ते गुरुजी वाईट नव्हते. मनापासून कौतुकच करत होते. ‘असूनही’ हा शब्द त्यांना स्वतःला ऐकू आला नाही, इतकंच. आम्हा शिक्षकांना गणित कसं शिकवायचं ते शिकवलं, फळ्यावर अक्षर कसं काढायचं तेही शिकवलं. हा शब्द ऐकायला मात्र कुणी शिकवलं नाही.

माझंही तेच. नोकरीच्या सुरुवातीला शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की मी भर वर्गात म्हणायचो, “शिष्यवृत्तीची मुलं उभी राहा.” सात-आठ जण उठायचे. हजेरीपटातला जातीचा रकाना मी असा वर्षातून दोनदा सगळ्यांसमोर वाचून दाखवत होतो. एकदा ठाकर वस्तीवरली एक मुलगी उठलीच नाही. “फॉर्म नको,” म्हणाली. पैसे नको म्हणणारी मुलगी मला हट्टी वाटली. तिला काय नको होतं, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

आता मागे वळून पाहतो तेव्हा आश्चर्य वाटतं ते याचं, की शिक्षकाच्या मनातल्या भेदभावाचा हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनंच आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात शाळा वाढवा एवढंच मागून ते थांबले नाहीत. शिकवणार कोण, हे त्यांनी विचारलं. प्राथमिक शाळेचा मास्तर शक्यतो कष्टकरी समाजातूनच तयार करावा, तो लोकांत मोकळेपणानं मिसळणारा असावा, सोवळ्यात राहून मुलांपासून अंतर ठेवणारा नसावा, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला त्याला लाज वाटू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मास्तराला पगार किमान बारा रुपये असावा, हेही त्यांनी लिहिलं. शाळेतली समता मास्तराच्या निवडीपासून आणि तयारीपासून सुरू होते, हे इतक्या नेमकेपणानं त्यांच्याआधी कुणी सांगितल्याचं मला तरी आढळलेलं नाही.

हे त्यांनी आधी घरात करून पाहिलं होतं. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं रीतसर शिक्षण घेतलं, फातिमा शेख त्यांच्या सोबतीला होत्या. अशा शिक्षकांच्या हाताखाली काय घडतं, त्याचा पुरावा १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीनं आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि धर्मालाच जाब विचारला. आपल्या वर्गातल्या मुलीला असं लिहायची भीती वाटू नये, ही शिकवणाऱ्याची केवढी कमाई!

फुल्यांची ही चळवळ आमच्या जुन्नर-ओतूरकडेही रुजली. भटजींना न बोलावता सत्यशोधक पद्धतीनं लग्नं लागली, त्यावरून कज्जे कोर्टापर्यंत गेले. जोतीरावांची नजर दूरवरही होती. १८७३ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्याच अमेरिकेत २०२०मध्ये पोलिसांच्या हातून कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेल्यावर मुलांबरोबर काम करणारे शिक्षक, समुपदेशक, वसतिगृहांतले कार्यकर्ते प्रशिक्षणांतून स्वतःच्या मनातला वर्णभेद तपासू लागले. तिकडच्या या प्रशिक्षणांबद्दल वाचताना मला बारा रुपये पगाराचा तो मास्तर आठवतो.

इकडे करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका शाळेत आणली. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने त्या मुलांसाठी मोडले. १९२७ साली गांधीजी ते बोर्डिंग बघायला आले होते. या कथा आपण भाषणांत सांगतो. त्यापुढचं पाऊल मात्र फारसं सांगत नाही. १९३५ साली भाऊरावांनी ग्रामीण शिक्षक घडवण्यासाठी अध्यापक विद्यालय काढलं. एका पंगतीला जेवलेला मुलगाच उद्या खेड्यात मास्तर म्हणून गेला, तर तो कुणाला वर्गाबाहेर बसवणार नाही. समतेवर व्याख्यान देण्याऐवजी त्यांनी आधी भाकरी एकत्र भाजायला लावली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची वाट आणखी वेगळी. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत, हे त्यांनी मुलांच्या आळशीपणावर ढकललं नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मुलं गुरं घेऊन रानात जात, तर शाळा कुरणात भरवली. साधनं महागडी नव्हती. शंख, शिंपले, बिया, पानं चालत. आदिवासी घरात जे आहे ते शिक्षणाच्या लायकीचं आहे, हे आधी बाईंनी मानलं, मग मुलांनी. बालसेविकांना त्यांनी घडवलं तेही याच दृष्टीनं. आमच्या मांडवातला हिरडा मला त्या शिंपल्यांचाच भाऊ वाटतो.

मग हा धागा कुठे सुटला? आश्रमशाळा आल्या, घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय झालं, आमच्या डोंगराकडची मुलं शाळेत आली. हे लहान काम नव्हे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं भेदभावाला आणि मानसिक छळाला मनाई केली. पण आमच्या प्रशिक्षणात कलमं वाचून झाली, चहा झाला, सह्या झाल्या. तालुका तोच, पूर्वेला द्राक्षं-टोमॅटोची बागायत, पश्चिमेला भात, नाचणी आणि हिरडा. महादेव कोळी आणि ठाकर घरांतली माणसं मजुरीला नारायणगावकडे उतरतात. त्यामुळे पूर्वेकडच्या शिक्षकाला त्या मुलाची पहिली ओळख बहुतेक वेळा ‘मजुराचं पोर’ अशीच होते. ती ओळख त्याच्यासोबत वर्गात येते आणि कलम वाचल्यानं जात नाही.

त्या प्रदर्शनानंतर पुढच्या शिक्षण परिषदेत आम्ही सात-आठ जणांनी एक गोष्ट केली. आपण शिक्षकांच्या खोलीत मुलांबद्दल जी वाक्यं बोलतो, ती नाव न घालता चिठ्ठ्यांवर लिहिली आणि मोठ्यानं वाचली. “डोंगरातली आहेत, एवढं पुरे.” “यांना सगळं फुकट मिळतं.” “त्यांच्या घरात कुणी शिकलेलं नाही.” माझी चिठ्ठी शिष्यवृत्तीची होती. सगळे खाली बघत होते.

आश्रमशाळेतले एक तरुण शिक्षक, स्वतः महादेव कोळी, शेवटी बोलले. रुजू झाले त्या दिवशी त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला होता: “कोट्यातून का?” ते शांतपणे म्हणाले, “मुलांचं नंतर बघू. आधी आपण एकमेकांशी कसं बोलतो ते बघू.” पुढच्या बैठका त्यांनीच चालवल्या. आमच्यात वयानं ते सगळ्यांत लहान. मी आयुष्यभर प्रशिक्षणं घेतली, पण खरं शिकलो ते त्यांच्यापुढे बसून.

मी वर्गात उभं करणं सोडलं. फॉर्म एकेका घरी नेऊन भरू लागलो. पहिल्या वर्षी चौदा घरं झाली, आणि त्या ठाकर वस्तीवरच्या घरी मी आयुष्यात पहिल्यांदा चहा प्यालो.