गांजा, मेंदूतील ग्राही आणि मनोविकार

गांजाने वेड लागते, हा समज आपल्याकडे जुना आहे. ब्रिटिश अमलात वेड्यांच्या इस्पितळांत रोगाचे कारण म्हणून गांजाची नोंद सर्रास होत असे. 1893-94 च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने ही नोंद तपासली. 1892 साली देशभर दाखल झालेल्या 1,344 रुग्णांपैकी 222 जणांच्या नावापुढे गांजा-भांग हे कारण होते. चौकशीअंती 98 टिकले. अनेकदा पोलिसांच्या कागदातील मजकूरच पुढे उतरवला गेला होता.

मात्र 98 म्हणजे शून्य नव्हे. त्याचा उलगडा होण्यास शतक लागले. गांजातील टीएचसी हे द्रव्य 1964 साली वेगळे काढण्यात आले, तर ते मेंदूत ज्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटते तो सीबी-1 ग्राही 1988 साली आढळला. मेंदू स्वतःही त्यासाठी द्रव्य तयार करतो. 1992 मध्ये सापडलेल्या या द्रव्याचे 'आनंदामाइड' हे नाव संस्कृत 'आनंद' शब्दावरून पडले. (उर्दूत नशेच्या चढतीला सुरूर व उतरतीला खुमार म्हणतात, शास्त्रज्ञांना पहिलाच अर्थ भावला असावा.) संदेश घेणारी पेशी गरजेपुरते हे द्रव्य सोडते, ते उलट दिशेने जाऊन संदेश पाठवणाऱ्या पेशीला आवर घालते. स्मृती, भीती, भूक यांचा तोल असा राखला जातो. टीएचसी हा लगाम सरसकट आणि दीर्घकाळ ओढून धरते.

लगाम तोडूनही चालत नाही. सीबी-1 बंद पाडणारे रिमोनाबँट हे लठ्ठपणावरील औषध 2006 मध्ये युरोपात मंजूर झाले. नैराश्य व आत्महत्येचे विचार बळावू लागल्याने 2008 मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली.

स्वीडनमधील 45,000 हून अधिक लष्करी उमेदवारांचा अभ्यास 1987 साली प्रसिद्ध झाला. पन्नासपेक्षा अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे सहापट आढळले. तरीही त्यांतील बहुसंख्यांना हा आजार झाला नाही. आनुवंशिकता, सुरुवातीचे वय आणि मालाची तीव्रता यांचा त्यात वाटा असतो. म्हणून गांजाला एकमेव कारण नव्हे, तर धोका वाढवणारा घटक म्हणणे योग्य.

कडोलीसारख्या गावातून बेळगावच्या महाविद्यालयात येणारा विद्यार्थी सतरा-अठरा वर्षांचा असतो. विवेकाचा भार वाहणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. असा मुलगा अबोल झाला, विनाकारण संशय घेऊ लागला, कानांत आवाज येतात म्हणाला, तर 'गंजेडी' म्हणून त्याचे नाव कमी करणे म्हणजे त्या जुन्या कागदाचीच नक्कल होय. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून सुमारे 75 किलोमीटरवर आहे. पालकांसह त्याला तेथे पाठवताना नशा केव्हा सुरू झाली, किती होते आणि घराण्यात कोणाला मनोविकार होता का, हे डॉक्टरांना सांगण्यास आवर्जून सुचवावे.