म्हातारं विमान उडवणारा वैमानिक



आमच्या घरी एक ट्रॅक्टर आहे. तो माझ्या बाबांपेक्षा वयाने मोठा आहे. सकाळी तो चालू करायचा म्हणजे आधी त्याची समजूत काढावी लागते, असं बाबा म्हणतात. चढावर ते त्याला कधी दामटत नाहीत. मागच्या महिन्यात बाईंनी शाळेच्या टीव्हीवर एक विमान दाखवलं आणि सांगितलं, "हे १९४० सालचं आहे, अजून उडतं." मला पहिला प्रश्न पडला, याला उडवतो कोण? मग बाईंच्या मदतीने माहिती जमवली. तीच इथे लिहितो.

इंग्लंडमध्ये लिंकनशायर परगण्यात कॉनिंग्सबी नावाचा हवाई दलाचा तळ आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातली स्पिटफायर आणि हरिकेन ही लढाऊ विमानं जपून ठेवली आहेत. जपून म्हणजे दोरी बांधून संग्रहालयात नव्हे, तर उडती! या तुकडीचं नाव 'बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट'. ती १९५७ साली सुरू झाली. उन्हाळ्यात विमानांची प्रात्यक्षिकं भरतात, त्यात ही विमानं लोकांच्या डोक्यावरून जातात. आपल्या जत्रेसारखीच गर्दी होते.

आता गंमत ऐका. स्पिटफायर उडवणारे बरेचसे वैमानिक रोजच्या नोकरीत टायफून नावाचं आजचं जेट विमान उडवतात. त्यात संगणक असतो, चूक होऊ लागली तर तो सांभाळून घेतो. जुन्या विमानाचं काम ते हौसेने, आपली नोकरी सांभाळून करतात. आणि इथे सांभाळून घेणारा कोणी नाही.

स्पिटफायरचं तिसरं चाक शेपटीखाली आहे. त्यामुळे जमिनीवर त्याचं नाक वर असतं आणि बसलेल्या वैमानिकाला समोरचं काहीच दिसत नाही. मोटारसायकलच्या टाकीवर कडब्याचा भारा ठेवून गाडी हाकून बघा, म्हणजे कळेल. म्हणून तो विमान नागमोडी नेतो. एकदा डावीकडून डोकावायचं, एकदा उजवीकडून. नाक एवढं लांब का, तर त्यात बारा सिलिंडरचं इंजिन आहे, २७ लिटरचं. आमच्या ट्रॅक्टरला तीनच सिलिंडर आहेत, आणि त्याचाच आवाज पार मारुतीच्या पारापर्यंत जातो.

हे इंजिन उभ्या उभ्या लवकर तापतं, कारण गार करायला वारा मिळत नाही. म्हणजे सुरू केल्यावर रेंगाळायचं नाही, पण घाईही करायची नाही. आणखी एक अडचण आहे. चाकं पोटात घ्यायचा दांडा उजव्या हाताला, आणि विमान वळवायचा दांडाही उजव्याच हातात. मग जमीन सोडल्यावर लगेच डाव्या हातात विमान आणि उजव्या हाताने चाकं, अशी अदलाबदल करावी लागते. उतरताना वेगळंच दुखणं. दोन्ही चाकं एकमेकांच्या फार जवळ आहेत, म्हणून धावपट्टीवर विमान डगमगतं.

सगळ्यात मला भीती वाटली ती याची. या तुकडीच्या स्पिटफायरमध्ये बसायला एकच जागा आहे! मागे बसून शिकवणारे गुरुजी नाहीत. आधी चिपमंक नावाच्या लहान विमानावर हात बसवतात, मग हरिकेनवर, कारण त्याची चाकं लांब लांब असल्याने ते जमिनीवर शांत असतं. त्यानंतर स्पिटफायर. तेव्हा पहिल्याच दिवशी एकट्याने वर जायचं आणि एकट्याने खाली यायचं.

मला आधी वाटलं होतं, प्रात्यक्षिकाला म्हणजे हे लोक खूप कोलांट्या मारत असतील. तसं नाही. युद्धात ताणत तसं विमानाला ते ताणत नाहीत. वारा जास्त असला तर उडतच नाहीत, लोक कितीही लांबून आलेले असोत. बाबा ट्रॅक्टर चढावर का दामटत नाहीत, ते मला तेव्हा समजलं.

एवढं जपूनही अपघात होतो. २५ मे २०२४ रोजी स्क्वाड्रन लीडर मार्क लाँग यांचं स्पिटफायर कॉनिंग्सबीजवळच्या एका शेतात कोसळलं आणि ते वारले. तेही टायफूनचे वैमानिक होते. त्यानंतर तुकडीची विमानं काही काळ जमिनीवरच ठेवली, तपासण्या केल्या. पुढे ती पुन्हा उडाली.

हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा आजोबा म्हणाले, "इंग्रजाच्या विमानाचं आपल्याला काय रे?" प्रश्न बरोबर होता. पण माहितीत एक गोष्ट सापडली. १९४० च्या त्या लढाईत स्पिटफायर उडवणाऱ्या १५२ नंबरच्या तुकडीचं नाव होतं 'हैदराबाद'. निजामाने देणगी दिली म्हणून ते नाव, आणि तुकडीच्या चिन्हावर निजामाची पगडी! आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. आजोबा जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "निजामाचा पैसा म्हणजे रयतेचाच की. माझ्या बापानंही सारा भरला असंल."

टीव्हीवरच्या विमानाचा नंबर पी ७३५०. त्या लढाईत लढलेलं आणि आजही उडण्याजोगं असलेलं हे एकच स्पिटफायर आहे. २५ ऑक्टोबर १९४० रोजी जर्मन विमानाने त्याला गोळ्या घातल्या. आतला पोलंडचा वैमानिक जखमी झाला, तरी त्याने ते कसंबसं खाली उतरवलं. युद्ध संपल्यावर १९४८ साली ते भंगारात २५ पौंडांना विकलं गेलं. पण घेणाऱ्यांनी कागद पाहिले, हे कोणतं विमान आहे ते ओळखलं, आणि मोडायच्या ऐवजी हवाई दलाला परत दिलं.

शेजारचं चित्र माझ्या बाकावरच्या मित्राने काढलं आहे. डाव्या पंखावर चौकोन दिसतात ना, ते रंग सांडून झालेले डाग नाहीत. गोळ्यांच्या भोकांना लावलेली ती ठिगळं आहेत. खऱ्या विमानावर ती अजून दिसतात.