वधलेल्या कोकऱ्याचा विजय
(ख्रिस्ती श्रद्धेची ओळख : लेखांक ९)

मागच्या लेखांकात आपण येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत आलो होतो. जैतुनांच्या डोंगरावर शिष्य आभाळाकडे टक लावून उभे आहेत आणि शुभ्र वस्त्रांतले दोन पुरुष त्यांना जवळजवळ हटकतात, की वर बघत काय उभे राहिलात, गेला तो परत यायचा आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायातला हा प्रसंग. ख्रिस्ताचे द्वितीयागमन ही श्रद्धा ख्रिस्ती धर्माच्या काठावरची नाही, गाभ्यातली आहे. इ.स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने जो मतांगीकार ठरवला, त्यात ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल, हे आहेच. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी निगडित असलेल्या पाठात त्यात आणखी भर पडली : तो गौरवाने येईल आणि त्याच्या राज्याला अंत नसेल. वसईच्या मिस्सेत काय किंवा नगरकडच्या एखाद्या चर्चच्या उपासनेत काय, मतांगीकार म्हणताना न्यायासाठी येणाऱ्या ख्रिस्ताचा उच्चार होतोच. प्रश्न असा, की या येण्यात जो विजय अभिप्रेत आहे, तो कोणत्या जातीचा? व्यासपीठावरून सर्रास ऐकू येणारे उत्तर असे, की पहिल्या खेपेस तो कोकरू होऊन आला, दुसऱ्या खेपेस सिंह होऊन येईल. पहिल्यांदा मार खाल्ला, आता हिशेब चुकता करील. हे उत्तर ऐकायला जोरकस आहे. पण ज्या पुस्तकाच्या आधाराने ते दिले जाते, त्या पुस्तकाने नेमके उलटे सांगितले आहे, असे माझे म्हणणे आहे.

ते पुस्तक म्हणजे नव्या कराराचे शेवटचे, ‘प्रकटीकरण’. पहिल्या शतकाच्या अखेरीस, बहुतेक अभ्यासकांच्या मते सम्राट डोमिशियनच्या काळात, योहान नावाच्या एका ख्रिस्ती द्रष्ट्याने पात्म बेटावरून आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या, सात मंडळ्यांना ते लिहिले. त्याच्या पाचव्या अध्यायात सात शिक्के मारलेली एक गुंडाळी आहे आणि ती उघडण्यास लायक कोणीच सापडत नाही म्हणून योहान रडू लागतो. तेव्हा एक वडील त्याला धीर देतो, की यहूदा वंशाच्या सिंहाने विजय मिळवला आहे, तो ती उघडील. योहान मान वर करून पाहतो, तर समोर सिंह नाहीच. कोकरा उभा आहे, तोही वधल्यासारखा. कानांनी ऐकले सिंहाविषयी आणि डोळ्यांना दिसला कोकरा! हा लेखकाचा सहज झालेला घोळ नाही, कारण यानंतर ख्रिस्ताला सिंह असे या पुस्तकात पुन्हा एकदाही म्हटलेले नाही. कोकरा हे नाव मात्र त्याच्यासाठी एकूण २८ वेळा येते. आणि सिंहाचे तोंड पुढे कोणाला मिळते? तेराव्या अध्यायात समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाला, म्हणजे रोमच्या सत्तेच्या प्रतीकाला. कोकऱ्याचा सिंह होणार, हा क्रम योहानाच्या हाती उपलब्ध होता. त्याने तो उलटा केला. विजय होऊन गेला आहे, तो क्रुसावर झाला आहे, आणि येणे म्हणजे तोच विजय सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघड होणे, असा त्याचा रोख आहे.

यावर पहिला आक्षेप याच पुस्तकातून येतो आणि तो हलका नाही. एकोणिसाव्या अध्यायात स्वर्ग उघडतो आणि पांढऱ्या घोड्यावरचा स्वार बाहेर पडतो. मराठी वाचकाला येथे पांढऱ्या घोड्यावरचा, खड्गधारी कल्की आठवल्यावाचून राहणार नाही. साम्य चित्रात आहे, पण कल्कीनंतर पुन्हा कृतयुग सुरू होऊन चक्र फिरत राहते, येथे मात्र इतिहासाची रेघ एकदाच संपते, म्हणून ते साम्य फार ताणू नये. स्वाराकडे नीट पाहिले तर दोन गोष्टी खटकतात. त्याची तलवार हातात नाही, तोंडातून निघते. शस्त्र म्हणजे त्याचा शब्द. आणि लढाईला तोंड लागण्याआधीच त्याचा झगा रक्तात भिजलेला आहे. हे रक्त कोणाचे? जुन्या करारातल्या यशयाच्या त्रेसष्टाव्या अध्यायातले चित्र योहानापुढे आहे आणि तेथे ते रक्त शत्रूंचे आहे, त्यामुळे येथेही तेच समजावे, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. पण याच पुस्तकाच्या सातव्या अध्यायात निष्ठावंतांनी आपले झगे कोकऱ्याच्या रक्तात धुतले आहेत आणि बाराव्यात ते सैतानाला जिंकतात ते त्याच रक्ताच्या आणि आपल्या साक्षीच्या बळावर. ज्या पुस्तकात रक्ताचा असा हिशेब चालतो, तेथे युद्धाआधीच माखलेला झगा स्वाराच्या स्वतःच्या रक्ताचा मानणे मला अधिक सुसंगत वाटते. अर्थात एवढ्याने सगळे सौम्य होत नाही. चौदाव्या अध्यायात द्राक्षकुंडातून रक्त वाहते ते घोड्यांच्या लगामापर्यंत चढते आणि सुमारे ३०० किलोमीटर पसरते. एकोणिसाव्यात पक्ष्यांना मृतांच्या मांसाचे आमंत्रण आहे. या ओळी नाहीतच असे भासवणारे उपदेशक वाचकाला फसवतात. न्याय हा या श्रद्धेचा अविभाज्य भाग आहे, आणि सहाव्या अध्यायात वेदीखालून न्यायासाठी आक्रोश करणाऱ्या, सत्तेने मारलेल्या जिवांच्या बाजूने पाहिले तर तो का असावा लागतो, हेही कळते. मुद्दा इतकाच, की हा न्याय अनुयायांच्या हाती दिलेला नाही. स्वारामागून येणारे सैन्य शुभ्र तागाची वस्त्रे ल्यालेले आहे. त्याच्या हाती एखादे शस्त्र असल्याचा उल्लेख शोधून सापडत नाही.

हाच विजय प्रेषित पौलाच्या पत्रांत पाहिला तर त्याचा दुसरा पैलू दिसतो. थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र सुमारे इ.स. ५०-५१ मधले, म्हणजे आज हाती असलेल्या ख्रिस्ती लेखनातले बहुधा सर्वांत जुने. तिथल्या नवख्या मंडळीला पडलेला प्रश्न साधा आणि व्याकूळ करणारा होता : प्रभू यायच्या आधीच आमची जी माणसे वारली, त्यांचे काय? पौल सांगतो, की ती मागे राहणार नाहीत, उलट आधी तीच उठतील, आणि मग जिवंत असलेलेही त्यांच्यासह मेघांत प्रभूला सामोरे जातील. या एका वाक्यावर एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या ब्रदरन पंथाच्या उपदेशकाने एक अख्खी इमारत रचली. विश्वासणारे गुपचूप वर उचलले जातील, जग मागे संकटात जळत राहील, आणि जाहीर आगमन त्यानंतर होईल. १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्डच्या टिपांसहित बायबलने ही कल्पना अमेरिकेत घरोघरी नेली आणि मिशनऱ्यांबरोबर ती आपल्याकडेही आली. पण सामोरे जाणे म्हणजे निघून जाणे नव्हे. त्या काळी सम्राट किंवा सुभेदार शहराला भेट देई, तेव्हा नागरिक तटाबाहेर चालत जाऊन त्याला मिरवत आत आणत. चौथ्या शतकातल्या योहान क्रिसोस्तोमने पौलाचे वाक्य असेच उलगडले आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या शेवटच्या अध्यायात रोमचे बंधू पौलाला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत चालत येतात, पण तेथून सगळे कुठे दुसरीकडे जात नाहीत, रोमलाच येतात. गावकरी पालखीला वेशीवर सामोरे जातात ते तिला गावात आणण्यासाठी, गाव सोडण्यासाठी नाही, हे मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. प्रकटीकरणाचा शेवटही असाच आहे. एकविसाव्या अध्यायात माणसे वर जात नाहीत, नवे यरुशलेम खाली उतरते. ज्या पृथ्वीवर क्रूस उभारला गेला, त्याच पृथ्वीवर राज्य यायचे आहे. तिला टाकून निसटून जाणे हा विजय म्हणता येणार नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. तो आलाच नाही. मार्कच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, की येथे उभे असलेल्यांपैकी काही जण देवाचे राज्य आलेले पाहिल्यावाचून मरणार नाहीत, आणि पुढे तेराव्या अध्यायात ही पिढी नाहीशी होण्याआधी हे सर्व घडेल, असेही. १९०६ मध्ये आल्बर्ट श्वाइट्झरने येशूच्या चरित्रांच्या शोधाचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. येशू जगाचा शेवट लगोलग होईल असे मानत होता आणि ती अपेक्षा फोल ठरली, असा त्याचा निष्कर्ष होता. (हाच श्वाइट्झर १९१३ मध्ये येशूच्या शिकवणीला जागून आफ्रिकेतल्या लांबारेनेला दवाखाना काढायला गेला. केवळ तर्कवाद्यांच्या रांगेत त्याला बसवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.) यावरची परंपरागत उत्तरे दोन. पहिले विधान त्याला लागूनच येणाऱ्या, येशूच्या रूपांतराच्या (शिष्यांसमोर तो तेजस्वी दिसला त्या) प्रसंगाला उद्देशून आहे. दुसरे इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने केलेल्या यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाविषयी आहे, जो त्या पिढीने खरोखरच पाहिला. दुसरे उत्तर मला बरेच पटते, कारण त्या अध्यायाची सुरुवातच मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही या बोलण्याने होते. पहिले ओढूनताणून आणलेले वाटते. पहिल्या पिढीला आगमन जवळ वाटत होते, हे कबूलच करायला हवे. थेस्सलनीकाकरांस लिहिताना पौल स्वतःला जिवंत राहणाऱ्यांत धरतो, तर फिलिप्पैकरांस लिहिताना तो स्वतःच्या मरणाची शक्यता शांतपणे तोलतो. पण येथेच एक पुरावा उभा राहतो. ही श्रद्धा तारखेवर टेकलेली असती तर पहिल्या शतकाबरोबर ती संपायला हवी होती. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात थट्टेखोर विचारतातच, की येण्याचे वचन कुठे गेले? तरीही ३८१ मध्ये, म्हणजे तीनशे वर्षे वाट पाहून झाल्यावर, चर्चने मतांगीकारातला हा भाग आटोपता घेतला नाही, वाढवला. यातून श्रद्धा खरी ठरते असे नाही. ती कशावर उभी होती, एवढे मात्र कळते : येणारा कोण आणि कसा, यावर. कधी, यावर नाही. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, हे मार्कच्या त्याच तेराव्या अध्यायात आहे.

हे विसरले की काय होते, त्याचे दोन नमुने. न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी आणि बाप्तिस्त उपदेशक विल्यम मिलर याने जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे धरली, मोजणी इ.स.पू. ४५७ पासून सुरू केली, आणि मध्ये शून्य वर्ष नसल्याने हिशेब १८४४ वर आला. त्याच्या एका अनुयायाने २२ ऑक्टोबर हा दिवसही पक्का केला. हजारो माणसे त्या रात्री जागली, काहींनी शेतातली पिके उभीच ठेवली होती. सकाळ नेहमीसारखी झाली. या निराशेतून सावरलेल्यांच्या एका गटातून १८६३ मध्ये सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट हे चर्च उभे राहिले. पुण्याचे स्पायसर महाविद्यालय (आता विद्यापीठ) त्यांचेच. त्यांनी पुढे तारीख ठरवण्याचा नाद सोडला आणि शाळा-दवाखान्यांकडे मोर्चा वळवला, हे त्यांच्या खाती जमा केले पाहिजे. दुसरा नमुना रक्ताळलेला आहे. १५३४ मध्ये जर्मनीतले म्युन्स्टर शहर पुनर्बाप्तिस्मावाद्यांच्या एका जहाल गटाने ताब्यात घेतले. हार्लेमचा पाववाला यान मॅथिस याने त्या वर्षीच्या ईस्टरला शेवट येणार असे सांगितले आणि मूठभर माणसे घेऊन वेढा घालणाऱ्या सैन्यावर चाल करून तो मारला गेला. त्याच्यामागून लायडनच्या यानने स्वतःला नव्या सियोनचा राजा म्हणवून घेतले, विरोधकांची मुंडकी उडवली, अनेक बायका केल्या. जून १५३५ मध्ये शहर पडले. म्होरक्यांची प्रेते ज्या तीन लोखंडी पिंजऱ्यांत टांगली, ते पिंजरे संत लांबर्टच्या चर्चच्या मनोऱ्यावर आजही आहेत. मिलर आणि म्युन्स्टरवाले यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण दोघांच्या वाचनातून कोकरा गळाला होता. एकाकडे उरले गणित, दुसऱ्याकडे तलवार. आणि म्युन्स्टरनंतर त्याच पुनर्बाप्तिस्मावादी प्रवाहाला मेन्नो सायमन्सने शस्त्रत्यागाकडे वळवले, तेव्हा आगमनाची आशा त्यानेही सोडली नव्हती.

राहता राहिला शेवटचा आक्षेप : प्रभू येऊन सगळे नीट करणार असेल तर आपण हातपाय कशाला हलवायचे? हा आळस पौलालाही भेटला होता. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात कामधंदा सोडून बसलेल्यांना खडसावले आहे, की काम करायचे नसेल तर जेवणही मागू नये. पण अधिक नेमके उत्तर मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. तेथे मनुष्याचा पुत्र राजासनावर बसून राष्ट्रांची मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो, आणि त्याची कसोटी ही, की भुकेल्याला जेवू घातले का, परक्याला आसरा दिला का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का. पुढचे तर आणखी चकित करणारे आहे : तो भुकेला, परका आणि कैदी आपणच होतो, असे राजा सांगतो. न्यायासनावरचा राजा तेथेही मार खाल्लेल्यांच्याच बाजूला बसलेला आहे. ब्रिटिश संसदेतला लॉर्ड शाफ्ट्सबरी ख्रिस्ताच्या लवकर येण्यावर अक्षरशः विश्वास ठेवणारा होता. आक्षेपकांच्या हिशेबाने त्याने स्वस्थ बसायला हवे होते. १८४२ मध्ये स्त्रियांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा त्यानेच पुढाकार घेऊन आणला. कारखान्यांतल्या स्त्रियांचा आणि अल्पवयीनांचा दिवस दहा तासांवर आणणारा १८४७ चा कायदा झाला, त्यासाठीही तो वर्षानुवर्षे झगडत आला होता. उलट बाजूची उदाहरणेही आहेत आणि पुष्कळ आहेत : बुडत्या जगाची डागडुजी कशाला, असे म्हणून सामाजिक कामातून अंग काढून घेणारे उपदेशक विसाव्या शतकात अमेरिकेत गावोगाव होते. मात्र ते बहुतेक डार्बीच्या वाटेने गेलेले होते, ही गोष्ट योगायोगाची नाही. जग टाकूनच द्यायचे असेल तर खाणीतल्या मुलाचे काय एवढे? आणि राजा याच जगात यायचा असेल, तर त्या मुलाला तो कोणत्या अवस्थेत पाहणार, याचा विचार करणे भाग पडते.

प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातल्या हजार वर्षांच्या राज्याला आज मुद्दामच हात लावला नाही. ते राज्य आगमनानंतरचे, आधीचे की आत्ताच चालू असलेले, यावर दुसऱ्या शतकातल्या जस्टिन आणि इरेनियसपासून पाचव्या शतकातल्या ऑगस्टिनपर्यंत जो वाद झाला, तो पुढच्या आठवड्यात.