ऊस संपला की हाताचे कामही संपते



फाल्गुन सरत आला की बोरी बुद्रुकच्या पारावर एक प्रश्न हमखास निघतो, "यंदा कारखाना कधी बंद होणार?" विचारणाऱ्याला आपल्या राहिलेल्या फडाची काळजी असते. पण शेजारी बसलेला हंगामी कामगार तोच प्रश्न वेगळ्या कानांनी ऐकतो. त्याच्या मनात येते, "माझा पगार कुठवर चालणार?"

कापसाच्या गाठी गोदामात रचून ठेवता येतात, ऊस ठेवता येत नाही. तोडला की त्यातली साखर घटू लागते. म्हणून रोज ताजा ऊस यावा लागतो, आणि तो संपला की गाळप थांबते. कायम कामगार दुरुस्तीच्या कामाला राहतात, हंगामी माणूस घरी जातो. पुढच्या हंगामापर्यंत त्याला श्रेणीप्रमाणे रिटेन्शन भत्ता मिळतो, पण तेवढ्यात प्रपंच भागत नाही. तोडणी मजुराला तर तोही नाही. उचल फिटायच्या आत फड संपले, की बाकी डोक्यावर घेऊनच तो गावाकडे निघतो.

कच्च्या मालाच्या टंचाईमुळे काम देता न येणे याला १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'ले-ऑफ' म्हटले होते, आणि त्यासाठी निम्म्या पगाराची भरपाई सांगितली होती. मात्र हंगामी स्वरूपाचे कारखाने त्या तरतुदीतून वगळलेले होते. म्हणजे ऊस कमी पडला, तर हंगामी कामगाराला खरा आधार कायद्याचा नाही, आपल्या शेताचा आहे.

साधा हिशेब करू. समजा, कारखाना रोज ५,००० टन गाळतो. साडेसात लाख टन ऊस आला, तर हंगाम १५० दिवसांचा. पाच लाख टनच आला, तर १०० दिवसांचा. म्हणजे प्रत्येक हंगामी कामगाराचे ५० दिवसांचे काम गेले. आणि यात आपलीही सुटका नाही. कर्जाचे व्याज, कायम पगार, दुरुस्ती हा खर्च तेवढाच राहतो आणि थोड्या टनांवर पडतो. एफआरपीच्या वर चार पैसे मिळावेत म्हणून आपण वाट पाहतो, ते तिथेच आटतात.

राज्याचे आकडे पाहा. २०१८-१९ च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे १०७ लाख टन साखर झाली. दुष्काळात लागणी हुकल्या, ऊस चाऱ्याला गेला, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडचे फड बुडाले. २०१९-२० ला साखर सुमारे ६२ लाख टनांवर आली. पुढे २०२१-२२ ला १३७ लाख टन झाली, तर २०२४-२५ ला पुन्हा ८१ लाखांच्या आसपास.

आपल्या जुन्नर-आंबेगावला कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या धरणांचा आधार आहे. तरी ऊस कमी पडायला दुष्काळच लागतो असे नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला भाव आला, की उसाची लागण मागे पडते. त्यात कोणाला दोष देता येणार नाही. रोख पैसा कोणाला नको? पण नोंद आपल्या कारखान्याकडे द्यायची आणि ऊस दुसऱ्याच्या काट्यावर न्यायचा, हे मात्र बरे नव्हे. नोंदीवर विसंबूनच टोळ्या ठरतात, गाड्या ठरतात, माणसे कामावर बोलावली जातात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२१-२२ ला राज्यात ऊस एवढा झाला, की काही ठिकाणी गाळप जूनपर्यंत लांबले. उसाला तुरे आले, वजन घटले, शेतकरी तोडीसाठी हेलपाटे घालून दमला. तोड वेळेवर मिळत नसेल, तर सभासदाने किती दिवस थांबायचे? नोंदीच्या तारखेप्रमाणे तोड देणे हे कारखान्याचे काम आहे, आणि ते मागण्याचा सभासदाला पूर्ण हक्क आहे.

तेव्हा नम्र विनंती एवढीच. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस दीड वर्षाने तुटतो, सुरू ऊस वर्षाने. आज आपण किती लावतो आणि किती खरे नोंदवतो, त्यावर पुढच्या हंगामाचे दिवस ठरतात. घरातल्या एका भावाचा ऊस आणि दुसऱ्याची हंगामी नोकरी, अशी कुटुंबे आपल्याकडे असतात. लागणीचा विचार करताना दोघांनी एकदा शेजारी बसून बोलावे.