मुलाम्याचीं पात्रें : परीक्षा व रक्षण
जुन्या संग्रहांतील तबक, अत्तरदाणी, गुलाबदाणी हीं पात्रें सरसकट रुप्याचीं समजण्यांत येतात. पैकीं पुष्कळ मुलाम्याचीं असतात. विलायती मुलामा मुख्यत्वें द्विविध आहे. शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हरनें इ. स. १७४३ च्या सुमारास शोधिलेल्या रीतींत तांब्यावर रुप्याचा पत्रा तापवून जोडीत व मग त्याचें पात्र घडवीत. म्हणून सांध्यांत तांब्याची बारीक रेघ आढळते. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनीं इ. स. १८४० मध्यें पेटंट घेतलेल्या विद्युत्-रीतींत घडण आधीं, मुलामा मागाहून. म्हणून रुपें सांध्यांवरूनही सलग पसरतें. तळावरील 'ई. पी. एन. एस.' हीं अक्षरें याच रीतीचीं. आंतील धातु तांबें, जस्त व निकेल यांचा मिश्रधातु होय.

ठाण्याच्या वागळे इस्टेटीसारख्या औद्योगिक वसाहतींत मुलाम्याचीं कामें होतात. डागाळलेलें पात्र तिकडे धाडण्याचा मोह संग्राहकांस होतो. परंतु तत्पूर्वीच्या घासणीनें चिन्हें व कोरलेलीं नांवें पुसट होतात, नवा थर सांधा झांकतो, आणि मूळची रीत ओळखणें दुर्घट होतें. जीर्ण पोथीच्या फिकट अक्षरांवर आपण नवी शाई फिरवीत नाहीं. येथेंही आधीं सांधे व तळ यांची नोंद करावी, मऊ फडक्यानें पुसावें व तेवढ्यावरच थांबावें, अशी आमची विनंती आहे.