पागेचे झाले इस्पितळ
१६६४ साली सुरतेच्या वाटेवर शिवरायांचा मुक्काम जव्हारजवळच्या शिरपामाळावर पडला, असे सांगतात. घोडी उघड्या माळावरच बांधली असतील!

इंग्लंडच्या युवराजाने मात्र ब्रायटनला घोड्यांसाठी घुमटाची पागा बांधली. १८०८ च्या सुमारास ती पुरी झाली. घुमट ८० फूट रुंद, मध्ये एकही खांब नाही. कडेने ४४ घोड्यांची ठाणे, वर मोतद्दारांच्या खोल्या. १८६७ मध्ये तिथे गाण्याचे सभागृह झाले. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीस, जखमी हिंदी जवानांच्या खाटा त्याच घुमटाखाली लागल्या. ज्याचा त्याचा धर्म सांभाळून स्वयंपाकही वेगवेगळा होई. आज तिथे पुन्हा गाणी होतात.

बांधणी पक्की, जागा मोकळी, म्हणून हे जमले. तुमचा जुना गोठा रिकामा पडला असेल, तर पाडण्याआधी त्याच्या भिंती आणि वासे नीट पाहा.